गठ्ठ्यातला लाल दोरा

मागच्या महिन्यात एका व्यापारी संघटनेकडून फोन आला, मॅडम आमच्या मेंबर लोकांना टेक्सटाईल रिसायकलिंगची जरा ओळख करून द्याल का, 40 मिनिटं बोला, पीपीटी असली तर बरं. मेंबर म्हणजे सूतगिरणीवाले, सायझिंगवाले, गारमेंटवाले, दोन-तीन प्रोसेस हाऊसवाले, म्हणजे ज्यांचे केससुद्धा कापसाच्या धुळीनं आधी पांढरे झाले आणि वयानं नंतर, अशा लोकांना मी कापडाची काय ओळख करून देणार! तरी हो म्हणून बसले. मग रात्री लॅपटॉप उघडला, पहिल्या स्लाईडवर ते हिरव्या बाणांचं गोल गोल फिरणारं चक्र टाकलं, आणि त्याच्याकडे बघत बसले. कारण 19 वर्षं सुताच्या खरेदी-विक्रीत काढल्यावर मला एवढं नक्की कळलंय की ते चक्र कुठं गोल फिरत नाही, ते एका जागी येऊन अडतं आणि ती जागा बाणांत दाखवलेली नसते.

ती जागा मला एका लाल दोऱ्यानं दाखवली. झालं असं, चार-पाच वर्षांपूर्वी बाहेरच्या एका बायरला टी-शर्ट हवे होते, 30 टक्के रिसायकल्ड कॉटन, रंग इक्रू म्हणजे कोऱ्या कापसाचा असतो तसा पांढुरका, डाय करायचा नाही. भाव मात्र नव्या कापसाच्या सुताचा, आणि हाताला तितकंच मऊ लागलं पाहिजे. (हे असं सगळेच मागतात, त्याचं आता काही वाटत नाही.) तमिळनाडूत तिरुपूरच्या आसपास अशा ओपन एंड गिरण्या (आखूड तंतूचंही जाडं सूत काढणाऱ्या) भरपूर आहेत, होजिअरीच्या कटिंगच्या चिंध्या घ्यायच्या, फाडून परत तंतू करायचे, नव्या कापसात मिसळून सूत काढायचं. एका गिरणीला काम दिलं. सूत आलं, टेस्ट रिपोर्ट बरा होता, कापड विणून झालं आणि तपासणीच्या टेबलावर दिवा लावला तर काय, वीतभर कापडात तीन-चार बारीक लाल ठिपके. जणू कुणी कुंकवाची बोटं झटकली आहेत.

शोध घेत गेलो तेव्हा कळलं की पांढऱ्या चिंध्यांच्या गठ्ठ्यांमध्ये काही रिजेक्ट झालेले तयार पीस होते, त्यांच्या गळ्याच्या पट्टीवर शोभेसाठी म्हणून लाल दोऱ्याची शिलाई होती. बस, एवढंच. तो दोरा काही ग्रॅमच असेल. पण ब्लोरूमचं, म्हणजे गठ्ठे फोडून कापूस साफ करणाऱ्या गिरणीतल्या पहिल्या खात्याचं, कामच मुळी मिसळणं, अनेक गठ्ठ्यांतून थोडं थोडं उचलायचं आणि सगळं एकजीव करायचं, म्हणजे लॉट सारखा निघतो. त्या मशिननं तिचं काम इतकं चोख केलं की एका कोपऱ्यातला लाल दोरा सगळ्या लॉटला समान वाटला गेला. ऑर्डरचं पानिपत झालं. शेवटी सगळं कापड नेव्ही ब्लू डाय करून लोकल मार्केटला तोट्यात काढलं, त्या गडद रंगात लाल ठिपका दिसत नाही. त्या सुताचा एक कोन, म्हणजे शंकूसारखी गुंडाळी, मी अजून कपाटात ठेवलाय.

आणि गंमत म्हणजे त्या दिवशी मला आठवली ती आमच्या इचलकरंजीच्या गल्लीत येणारी बोहारीण.

डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, दुपारी जेवणं आटपली की बरोबर यायची. आई जुने कपडे काढायची आणि मग एका स्टीलच्या डब्यासाठी तासभर घासाघीस. मला लहानपणी वाटायचं ती भांडते. आता कळतं ती ग्रेडिंग करत होती. पप्पांची पँट घेतली की आधी उजेडाकडे धरायची आणि बुडाची जागा बघायची, तिथून उजेड आला की "ताई, ही बसायच्या जागी गेली" म्हणून बाजूला. मग शर्टची कॉलर उलटून बघायची, मग काखेत. पातळ असलं तर घडीवर नखानं ओढून बघायची, चिरतंय का. टेरीकॉट आणि नायलॉनला ती पटकन हात घालायची, कारण ते टिकतं, धुऊन इस्त्री करून कुठल्यातरी जुन्या बाजारात परत विकता येतं. आणि सुती, मऊ, विरलेलं काही तिच्यापुढं टाकलं तर हसायची, "ह्ये तुमच्या वाकळंला ठेवा की".

आणि आम्ही ठेवायचोच. आज्जीचं लुगडं विरलं की त्याची वाकळ (पुण्याकडं गोधडी म्हणतात तेच), त्यातला मऊ भाग बाळाच्या दुपट्याला, लंगोटाला, मग ते फाटलं की भांडी पुसायचं फडकं, मग फरशीचं पोतेरं, पाणी आणायला डोक्यावर चुंबळ, आणि अगदीच चिंधी राहिली की तेलात भिजवून काकडा. कार्तिकात देवळात पहाटे जो जळायचा तो आमचा कुणाचातरी परकर असायचा. हे मी कौतुकानं लिहीत नाहीये हां, आमच्याकडं पैसे नव्हते म्हणून हे चालायचं, आणि आज्जीला नवं लुगडं मिळालं असतं तर तिनं जुनं काकड्यापर्यंत ताणलं नसतं. पण बघा, त्यात एक हिशोब होता. जे अजून अंगावर घालता येईल ते बोहारणीकडं, जे सुती ते घरात खालच्या कामाला, आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी हातात धरून, ओढून, उजेडाला लावून ठरवायचं की हे आता कशाच्या लायकीचं. आज इंडस्ट्रीत याला सॉर्टिंग म्हणतात आणि परिसंवादात त्याच्यावर अर्धं मिनिट बोलतात, मग सगळा वेळ मशिनवर.

तो लॉट गेल्यावर मी पानिपतला गेले. पानिपत म्हटलं की आपल्याला 1761 आठवतं, आणि जगातल्या कापडवाल्यांना आठवतात चिंध्या. युरोप-अमेरिकेत टाकलेले लोकरीचे कपडे कांडल्याच्या बंदरातून तिथं येतात, येतानाच कापून आणावे लागतात, म्हणजे कुणी ते परत कपडे म्हणून विकू नयेत. एका शेडमध्ये बायका जमिनीवर ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीसमोर पातं उभं केलेलं, आपल्या विळीसारखंच. भाजी चिरावी तसा कोट चिरत होत्या. बटणं एकीकडं, चेन एकीकडं, अस्तर एकीकडं, आणि मागं रंगांचे ढीग. नुसता लाल नाही, विटकरी वेगळा, मरून वेगळा, टोमॅटोसारखा वेगळा. कारण इथं सहसा रंगवतच नाहीत, ज्या रंगाचा ढीग त्याच रंगाचं सूत. पाणी वाचतं, रंग वाचतो, केमिकल वाचतं, सगळी बचत त्या ढिगावर अवलंबून. आणि ढीग एका बाईच्या नजरेवर.

मी एकीला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं की हे ऊन आहे की ॲक्रिलिक, तुम्हाला कळतं कसं. तिनं स्वेटर उचलून गालाला लावला. "गाल को पता चल जाता है." मी टेक्सटाईलचा चार वर्षांचा डिप्लोमा केलाय, मायक्रोस्कोपखाली तंतू ओळखलेत, मला गालाचं कुणी शिकवलं नव्हतं.

हा धंदा नवीन नाही हेही सांगायला पाहिजे. आमच्या गावात पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये आणला, आणि त्याच्याही 91 वर्षं आधी, 1813 मध्ये, इंग्लंडात यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं जुन्या लोकरीच्या चिंध्या फाडून त्यांचं परत सूत केलं. त्या मालाला 'शॉडी' म्हणायचे. आज इंग्रजीत शॉडी म्हणजे भिकार, पण मुळात ते एका कापडाचं नाव. इटलीत प्रातो नावाच्या गावात आजही हे काम चालतं. पानिपतची शॉडी ब्लँकेटं वर्षानुवर्षं जगभर पूर-भूकंपात मदत म्हणून गेली. मग नव्या पॉलिस्टरची फ्लीसची, मिंकची मऊ मऊ ब्लँकेटं स्वस्तात आली आणि बऱ्याच गिरण्यांनी शॉडी सोडून तेच धरलं. म्हणजे रिसायकलिंगच्या राजधानीत रिसायकल्ड मालाला कोऱ्या प्लॅस्टिकनं हरवलं. हे माझ्या पीपीटीत मी ठळक अक्षरात टाकलं होतं.

आता जरा तांत्रिक बोलते. कापसाचा तंतू, आपला शंकर-6 जातीचा धरा, साधारण 28-29 मिलिमीटर. तो एकदा कातला, पीळ दिला, विणला, धुतला, वापरला, आणि मग दातेरी रोलरखाली ओढून परत सुटा केला की त्याचे तुकडे होतात, बराचसा माल निम्म्यापेक्षाही आखूड. आखूड तंतू रिंग फ्रेमला, म्हणजे बारीक सूत काढणाऱ्या नेहमीच्या मशिनला, धरता येत नाही, म्हणून ओपन एंड. त्यातही जाडं सूत, 10 काऊंट (आकडा जितका लहान तितकं सूत जाड), 16, फार ताणलं तर 20-24, आणि त्याला ताकद यायला नवा कापूस नाहीतर पॉलिस्टरचा टेकू लागतो. होजिअरी सैल विणलेली, ती लवकर सुटते. डेनिम घट्ट, कडक पिळाची, ती सुटताना तंतूचा भुगा करते. आणि स्ट्रेच जीन्स असेल तर त्यातलं दोन टक्के लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, रोलरला असं चिकटतं की फिटर आई-बहीण काढतो. हे सगळं ज्यांच्यासमोर बोलायचं होतं त्यांना पाठ आहे, त्यांनी कोंबर नॉइल आणि फ्लॅट स्ट्रिप, म्हणजे कापूस विंचरताना-पिंजताना निघणारा आखूड तंतूचा वेस्ट, आयुष्यभर ओपन एंडला विकलीय. गिरणीतला वेस्ट परत वापरणं हे रिसायकलिंग आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं इतकंच, ते त्याला धंदा म्हणायचे.

पण गिरणीचा वेस्ट आणि गारमेंटची कटिंग हा सोपा माल. कशाचं कापड आहे, कुठला रंग, कुणी विणलं, सगळं माहीत असतं. खरी कसोटी माणसानं घालून टाकलेल्या कपड्याची. भारतातल्या कापड-कचऱ्याचा 2022 साली एक मोठा अभ्यास झाला, त्यात वर्षाला साधारण 78 लाख टन हा आकडा आला, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त आपण घरात वापरून टाकलेला. परदेशातून येणारा 7 टक्के. आपल्याला मात्र वाटत असतं की सगळा कचरा गोऱ्यांचा. जगाचं बघायचं तर एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेनं 2017 मध्ये लिहिलं होतं की कपड्यांसाठी जेवढा माल लागतो त्यातला 1 टक्क्याहून कमी परत कपडा होतो. बाकी पुसण्याची फडकी, गाद्यांचं फिलिंग, गाडीच्या दरवाजातला नमदा. म्हणजे वाकळ, पोतेरं आणि चुंबळ. फक्त काकडा राहिला.

मग कुणीतरी हमखास विचारतं, अहो मग ते रिसायकल्ड पॉलिस्टर एवढं दुकानांत दिसतं ते काय. ते जवळजवळ सगळं पाण्याच्या बाटल्यांचं. बाटली स्वच्छ, एकाच मालाची, वितळवली की धागा. कपड्यापासून कपडा नाही झाला तो, बाटलीपासून कपडा झाला, आणि तीच बाटली परत बाटली होऊ शकली असती. माझा त्याच्यावर जरा रागच आहे, पण तो इथं पुरे.

केमिकल रिसायकलिंगवर मी चार स्लाईड केल्या होत्या. पॉलिस्टर असेल तर ग्लायकोलनं किंवा मिथेनॉलनं साखळी तोडायची आणि परत पहिल्यापासून बांधायची. कापूस असेल तर विरघळणारा लगदा करायचा आणि त्याच्यापासून व्हिस्कोससारखा तंतू काढायचा, म्हणजे आखूड तंतूची भानगडच संपली. कागदावर फार सुंदर. स्वीडनच्या सुंड्सवाल गावात रीन्यूसेल नावाच्या कंपनीनं एका जुन्या कागदगिरणीच्या जागेत हा कारखाना 2022 मध्ये चालू केला, वर्षाला 60 हजार टनांचा. फेब्रुवारी 2024 मध्ये दिवाळं. मशिन चालत होतं, लगदा होत होता, ऑर्डरच पुरेशा आल्या नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्यांनी विकत घेतली आणि नाव बदलून सर्क्युलोज केलं. ही गोष्ट मी आमच्या लोकांना दोनदा सांगितली, कारण कोट्यवधीचं मशिन घेऊन गिऱ्हाईक शोधायची सवय आपल्याकडंही आहे.

शिवाय केमिकलवाल्यांना माल सोवळ्यातला लागतो. कॉटन म्हणजे कॉटनच. आणि आपला 100 टक्के कॉटन टी-शर्ट शिवलेला असतो पॉलिस्टरच्या दोऱ्यानं, त्याला लेबल पॉलिस्टरचं, छाती भरून प्लॅस्टिसॉलचं म्हणजे प्लॅस्टिकच्या शाईचं प्रिंट. युरोपात आता कॅमेरे आलेत, निअर इन्फ्रारेड किरणं टाकून कापड ओळखतात, स्वीडनमध्ये माल्म्योला असा मोठा प्लांट उभा राहिला. चांगलं आहे. पण तो कॅमेरा वरचा थर बघतो, दोन पदरी जॅकेटच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि बटण त्याला तोडता येत नाही. परत आपण त्या बाईपाशीच येतो, विळी घेऊन बसलेल्या.

तिचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. किलोवर पैसे, त्यामुळे जितकं भरभर तितकी मजुरी, आणि जितकं भरभर तितका लाल दोरा सुटायची शक्यता. वर धूळ. आमचे पप्पा सूतगिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, होते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्यांची छाती भरून यायची, आठवड्याच्या शेवटी बरं वाटायचं, परत सुट्टी, परत तेच. आम्हाला वाटायचं आळस. पुढं डिप्लोमाला इंडस्ट्रियल हेल्थच्या पुस्तकात बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाची, लक्षणं वाचली तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले. पानिपतच्या शेडमध्ये त्या बायकांच्या तोंडाला ओढणी बांधलेली होती, बाकी काही नाही. मी गेले म्हणून मास्क वाटले गेले, अर्ध्या तासात सगळ्या मास्क गळ्यात.

कायदे येतायत, हे खरं. युरोपियन युनियननं 1 जानेवारी 2025 पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करायला लावलाय, फ्रान्समध्ये तर 2007 पासून कपडे विकणाऱ्यानंच त्याच्या कचऱ्याचा खर्च उचलायचा. आपल्याकडं नवी मुंबई महापालिकेनं बेलापूरला कापडासाठी वेगळं केंद्र काढलं. चला, सुरुवात आहे. माल खरंच रिसायकल्ड आहे हे सांगणारी सर्टिफिकेटंही आहेत, जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) घ्यायचं तर मालात किमान 20 टक्के रिसायकल्ड पाहिजे, लोगो लावायचा तर 50, आरसीएसला (रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड) 5 टक्क्यांपासून चालतं. प्रत्येक हातबदलीला ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. कागद मी नीट ठेवते, ठेवावेच लागतात. पण माझ्या त्या ठिपक्यांच्या लॉटचे सगळे कागद बरोबर होते हेही लक्षात राहतं.

तर भाषणाचा दिवस. आदल्या रात्री मी ते गोल बाणांचं चक्र काढून टाकलं. त्याच रात्री लेकीचा एक कुर्ता घेतला, टॉयलेट पेपरापेक्षा जरा बरा असा, ऑनलाइन मागवलेला, लेबलवर 'प्युअर कॉटन'. शिवणीतून दोन दोरे काढले, एक शिलाईचा, एक कापडाचा, आणि गच्चीवर जाऊन काडी लावली. कॉटन कागदासारखं जळतं, राख उडून जाते. शिलाईचा दोरा वितळून काळा मणी झाला, ते अपेक्षितच. कापडाचाही मणी झाला. लेक म्हणाली, आई तू माझे कपडे जाळतेस?

दुसऱ्या दिवशी स्टेजवर मी आधी तो कोन दाखवला आणि हॉलमध्ये फिरवला. पहिल्या रांगेतल्या लोकांनी चष्मे वर केले, नखानं सूत उलगडलं, एकानं पीळ सोडवून तंतू ओढून लांबी बघितली, अगदी सवयीनं. मागच्या रांगेतून आवाज आला, "हे कुणाच्या चुकीनं झालं?" मी म्हटलं चिंध्या निवडणाऱ्या बाईच्या हातून सुटलं असं मलाही आधी वाटलं होतं, पण पांढऱ्या शर्टाला लाल शिलाई घालायचं ठरवलं ते एसीत बसलेल्या आमच्यासारख्या कुणीतरी, सॅम्पलवर सही करून. हॉलमध्ये गारमेंटवाले जरा खुर्चीत सरकले.

बाकी 40 मिनिटांचं काय सांगू, 55 झाली. सगळ्यात जास्त प्रश्न अर्थातच किलोला किती पडतं.

चहाला एक सत्तरीतले काका शेजारी आले, जुनी सूतगिरणी, आता मुलगा बघतो. स्वतःचा पांढरा शर्ट चिमटीत धरून म्हणाले, "हा बघा, आमच्याच सुताचा, शुद्ध कॉटन, दोरासुद्धा कॉटनचा लावून घेतलाय शिंप्याकडनं. ह्याचं होईल की नाही तुमचं रिसायकल?"

मी कॉलर उलटून बघितली, सवयीनं. म्हटलं, "काका, कॉलर सोडून. आत फ्युजिंग चिकटवलंय, कडक राहायला घालतात ते अस्तर."

"बरं."

"आणि कफ. तिथंही फ्युजिंग."

"हं."

"पुढची पट्टी, बटणांसकट. आणि खिशाच्या कडेला कॅनव्हास दिसतोय. काखेत हे पिवळं पडलंय ते पांढऱ्या ढिगात जाणार नाही."

त्यांनी शर्टाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग राहिलं काय?"

"पाठ राहती की."